बेल्ह्याच्या बाजारात एक सोमवार



आज मी तुम्हांला एका चाकाची हकीकत सांगणार आहे. चाक बैलगाडीचे, बाभळीच्या लाकडाचे, लोखंडी धाव बसवलेले. त्याला जोडीदार मिळावा म्हणून आम्ही एका सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला गेलो आणि जे आणायला गेलो होतो ते न आणताच परत आलो. पण रिकाम्या हाताने मात्र आलो नाही. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

मी आंबेगाव तालुक्यातला एक शाळामास्तर. आमच्या शेजारी एक वडीलधारे गृहस्थ आहेत. सारी आळी त्यांना तात्या म्हणते. तीन वर्षांमागे त्यांनी दावणीची शेवटची बैलजोडी विकली. मुलगा ट्रॅक्टरने नांगरट करून घेतो, माल टेम्पोने मंचरला जातो. मग बैलांना वर्षभर वैरण घालायची कशासाठी? हिशेब बरोबर होता. तात्यांनाही तो पटला. पण गाडी मात्र अंगणात राहिली. तिचे एक चाक धड, दुसऱ्याचा तुंबा चिरलेला. कोंबड्या तिच्या साटीवर बसत आणि पोरे दांडीवर झोके घेत.

एक दिवस भंगारवाला दारात आला. धाव, आस, आवण सारे लोखंड किलोवर घेतो म्हणाला. लाकूड चुलीला. सूनबाईंना अंगण मोकळे हवे होते, आणि त्यातही त्यांचे काही चुकत नव्हते. तात्या जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सोमवारी बेल्ह्याला जाऊन बघतो. दुसरं चाक गावलं तर गाडी उभी करीन. न्हाई गावलं तर मग तुम्ही म्हणाल तसं." मला म्हणाले, "गुरुजी, सोबतीला चला. चार माणसांत बोलायला बरं पडतं."

चाकाला जोडीदार शोधायचा तर मापाला चाक बरोबर हवे. म्हणून पुतण्याच्या पिकअपमध्ये धड चाक आडवे टाकले आणि पहाटेच निघालो. मंचर, नारायणगाव, मग आळेफाटा. तिथे पुणे-नाशिक रस्त्याला कल्याणकडून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आडवा छेदतो. त्या रस्त्याने पूर्वेला वळले की थोड्या वेळात बेल्हे येते. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतली भातखाचरे आणि पूर्वेला आण्याचे कोरडे पठार, असा जुन्नर तालुक्याचा पसारा. या दोन्ही टोकांची गुरे बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात एकमेकांना भेटतात.

जुन्नरची थोरवी बैलाच्या पाठीवर वाढली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. तो खडकाळ चढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको की तिथे चाकाचे काही चालत नाही. तिथे लमाणी बैलच हवा. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. म्हणजे गुरांची मोजदाद आणि देवघेव आमच्या मुलखाला काही नवी नाही.

असो. आम्ही बाजारात पोचलो तेव्हा दिवस वर आला होता. बैलांच्या रांगा लागल्या होत्या. पांढरे, उंच, लांब शिंगांचे खिलार एका बाजूला. दुसरीकडे अकोले-इगतपुरीकडची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची डांगी गुरे. डांगी जनावराच्या कातडीला एक प्रकारचा तेलकटपणा असतो, त्यामुळे डोंगरातला धो-धो पाऊस त्याला सोसतो. खुरे काळी आणि कणखर. चिखलात भिजून लवकर मऊ पडत नाहीत. ज्याने ही जात निपजवली त्या डोंगरी माणसाने पुस्तक वाचले नव्हते, पण पाऊस वाचला होता.

तात्या बैल घ्यायला आले नव्हते, तरी त्यांचा पाय प्रत्येक रांगेशी अडखळत होता. एका खोंडाचा जबडा उघडून ते म्हणाले, "दुसा हाय." गुरुजनहो, हे शब्द आपण मुलांना सांगत नाही म्हणून इथे सांगतो. कायमचे दात अजून न आलेला तो आदत, दोन आलेले तो दुसा, चार आलेले तो चौसा, मग सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. जनावराच्या जन्माचा दाखला त्याच्या तोंडातच असतो. आता कानातही असतो. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. त्याच बैलापाशी एक हेडी आणि एक गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून उभे होते. बोटे धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. तोंडाने एक अक्षर नाही. कानात बारा आकडे उघडे आणि रुमालाखाली पाच बोटे झाकलेली, असे दोन जमाने एका बैलापाशी उभे होते. सौदा जमला, इसार दिला गेला, आणि विकणाऱ्याने जाता जाता बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला. तेवढे मात्र रुमालाखाली झाकता येत नाही.

पलीकडे शर्यतीच्या नादाची तरुण मंडळी जमली होती. जुन्नर, आंबेगाव आणि खेड या भागांत चैत्र-वैशाखाच्या यात्रा म्हणजे बैलगाड्यांचे घाट हे समीकरणच आहे. पुढे घोडी, मागे बैल, आणि दहा-पंधरा सेकंदांत सारा निकाल. त्या बैलांची किंमत लाखांच्या भाषेत बोलतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदीच्या त्या सात वर्षांत शर्यतीच्या खोंडाला गिऱ्हाईक नसे, असे ती मंडळी सांगतात. पण बंदी आली ती उगाच आली नव्हती, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. टोचणी, काठी, शेपटी पिरगाळणे हे प्रकार होतच होते. आता काठी-चाबूक चालत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्याची तपासणी लागते. नाद जपायचा तर नियमही जपावा लागेल. नाही तर नादाबरोबर बैलही जाईल.

बाजाराच्या कडेला दोर-दाव्यांची दुकाने. कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, पितळी शेंब्या. त्यांच्याही मागे, बाभळीच्या सावलीला, चार-पाच माणसे जुने सामान मांडून बसली होती. कुळवाच्या पासा, नांगराचे फाळ, मोटेचे चाक, शिवळा, गंजलेल्या साखळ्या. इथे नवीन काही नव्हते आणि नुसते विकायलाही कुणी बसले नव्हते. "माझ्याकडं फाळ हाय, तुमच्याकडं पास असली तर बोला," अशी अदलाबदलीची भाषा. आमचे चाक खाली उतरताच दहा माणसे भोवती जमली. कुणी आरे वाजवून पाहिले, कुणी तुंब्यात बोट घालून आवण चाचपली.

या चाकाची रचना थोडी समजून घेऊ. मधोमध तुंबा. त्यातून निघालेले आरे, बहुधा बारा. बाहेरच्या घेराचे लाकडी तुकडे सहा. त्यांना कुठे पाटे म्हणतात, कुठे पुठ्ठे. प्रत्येक तुकड्यात दोन आरे. आणि या सगळ्यावर लोखंडी धाव. धाव बसवणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे काम. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांचा गोल जाळ करून तिला लाल होईपर्यंत तापवतात. तापली की ती फुगते. सांडशीने धरून ती चाकावर उतरवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि एकही खिळा न मारता सारे चाक मुठीत धरल्यासारखे आवळते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा आपण शाळेत फळ्यावर शिकवतो. आमच्या लोहाराने तो पिढ्यान्‌पिढ्या गोवऱ्यांच्या जाळात शिकवला.

इतक्यात एक पाव्हणे पुढे आले. वय साठीच्या घरात, आण्याच्या पठारावरचे. त्यांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. एक चाकाच्या उंचीची, दुसरी तुंब्याच्या भोकाची. त्यांनी ती आमच्या चाकाला लावली. पहिली गाठ बरोबर बसली. दुसरी लावताना त्यांचा हात जरासा थरथरला. तीही बसली!

त्यांची गत आमच्यासारखीच होती. गाडीचे एक चाक धड, दुसरे मोडके. म्हणजे ते आमच्या चाकावर डोळा ठेवून होते आणि तात्या त्यांच्या चाकावर. दोन मोडक्या गाड्यांची एक धड गाडी होणार होती. प्रश्न इतकाच की कुणाच्या अंगणात?

त्यातच तिसरा माणूस आला. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलासाठी तो जुनी चाके घेत होता. भिंतीवर टांगायची, मधे दिवा लावायचा. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. त्याने पाव्हण्यांच्या दुप्पट रक्कम सांगितली, आणि तीही रोख. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी तात्यांकडे.

तात्यांनी पाव्हण्यांना एकच प्रश्न विचारला, "बैलं हायती का?"

"हायती की. जुळल्याली जोडी हाय. शेताची वाट दगडाची, वढ्यातनं जाती. पावसाळ्यात ट्रॅक्टर खाली उतरत न्हाई. चाक मोडल्यापासून माल डोक्यावर काढतोय, आणि बैलं दावणीला बसून हायती."

तात्या खाली बसले, चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भिंतीला टांगलं तर ते चाक न्हवं, चित्र. माझ्या अंगणात ठिवलं तरी चित्रच. माझ्याकडं बैल न्हाईत. जिथं बैल हाय तिथं गाडी. घिऊन जा पाव्हणं."

पैशांचे बोलणे रुमालाखाली झाले, त्यामुळे आकडा मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असता तरी मी सांगितला नसता. पण पाव्हण्यांना नुसते पैसे देऊन समाधान होईना. त्यांनी पिशवीतून एक घुंगरमाळ काढली. चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली पितळी घुंगरे, त्यांच्या वडिलांच्या वेळची. बाजारात ती विकायला आणली होती. ती त्यांनी तात्यांच्या हातात ठेवली. "चाकाच्या बदल्यात," म्हणाले.

श्रोतेहो, जुन्या वाहनाचा हा लळा फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. कॅनडा देशात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तिथे हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गडप होतात. व्हॅल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या यंत्रकाराचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या दुखण्याने गेला. बर्फामुळे त्याला दवाखान्यात नेता आले नाही. बर्फावर चालणारे वाहन करण्याचा ध्यास बोंबार्दिए यांना पोरवयापासूनच होता; या दुःखानंतर तो अधिकच तीव्र झाला. १९३७ पर्यंत त्यांनी सात माणसे वाहणारी बर्फगाडी तयार केली आणि १९५९ मध्ये एकट्या-दुकट्याने चालवायची हलकी गाडी विकायला आणली. तिला तिकडे स्नोमोबाइल म्हणतात. पुढे या गाडीने त्या मुलखातली कुत्र्यांची घसरगाडी हळूहळू मागे सारली, जसे आपल्याकडे ट्रॅक्टरने बैलाला मागे सारले.

गंमत पुढेच आहे. ज्या यंत्राने कुत्र्यांना मागे सारले तेच आता जुने झाले! अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ईगल रिव्हर गावी १९६४ पासून बर्फगाड्यांच्या शर्यती भरतात. आता तिथे जुन्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती होतात. कित्येक गावी जुन्या बर्फगाड्यांची जत्राच भरते. लोक त्या घासूनपुसून मांडतात आणि शेजारीच सुट्या भागांची अदलाबदल चालते. कुणाला पट्टा हवा असतो, कुणाकडे जास्तीचे इंजिन असते. म्हणजे बाभळीऐवजी बर्फ, आणि सुतळीऐवजी फूटपट्टी. बाकी सारे बेल्ह्याच्या बाजारासारखेच. तिथेही तीच गोष्ट ध्यानात येते. जुनी वस्तू काचेच्या कपाटात ठेवून टिकत नाही. ती दुरुस्त करणारा हात आणि तिचे भाग ज्या बाजारात मिळतात तो बाजार, हे दोन असतील तोवरच ती जगते.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही ट्रॅक्टर नको म्हणता काय? मुळीच नाही. बैलामागे उन्हातान्हात राबलेल्या माणसाला बैलाच्या कविता कुणी ऐकवू नयेत. ज्याला ट्रॅक्टर परवडतो आणि ज्याच्या रानात तो उतरतो त्याने तो जरूर वापरावा. पण दगडी वाटेच्या, ओढ्याकाठच्या, तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवर आजही बैलाला पर्याय नाही. तिथल्या शेतकऱ्याची गाडी एका चाकावाचून अडते, कारण चाक करणारा सुतार आता सापडत नाही. आपल्या अंगणात पडलेले चाक भंगारात घालण्याआधी एवढेच विचारावे की पंचक्रोशीत कुणाच्या दावणीला अजून बैल आहेत? किलोच्या भावाने जे चार पैसे येतील ते त्याच्याकडूनही येतील, आणि वर एक गाडी रस्त्याला लागेल.

गुरुजनहो, तुम्हांलाही एक विनंती आहे. येत्या महिन्यात एक दिवस मुलांना गावातल्या एखाद्या जुन्या गाडीपाशी न्या. शेजारी एका आजोबांना बसवा. मुलांनी गाडीचे चित्र काढावे आणि प्रत्येक भागाचे नाव आजोबांना विचारून लिहावे: जू, शिवळ, साटी, दांडी, आस, तुंबा, आरे, आणि चाक निसटू नये म्हणून घालतात ती खीळ, जिला आमचे लोक कुणी म्हणतात. गावागावांत नावे बदलतील. बदलतील तशीच लिहून घ्या. मग मुलांना विचारा, धाव म्हणजे काय? ती म्हणतील, क्रिकेटची. त्यांना सांगा, चाकावरचे लोखंडी कडे तीही धाव, आणि मोट ओढताना बैल ज्या उतरणीवरून खाली जात तीही विहिरीची धाव. एकाच शब्दात खेळ, चाक आणि विहीर! मोट गेली तशी एक धाव गेली. उरलेल्या दोन तरी मुलांना भेटू द्या.

मी आंबेगावचा माणूस, म्हणून हे फार मनाला लागते. आमच्या तालुक्याचे नाव आंबेगाव. पण ज्या गावावरून ते पडले ते जुने आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला आहे. गाव गेले आणि नाव राहिले. बैलगाडीचे उलटे होऊ लागले आहे. गाड्या अजून अंगणांत उभ्या आहेत, पण त्यांच्या अंगांची नावे सांगणारी माणसे चालली आहेत. वस्तू समोर असताना तिचे नाव हरवावे, याला काय म्हणावे?

चाकाची हकीकत तेवढी पुरी करतो. दिवाळीत तात्या आण्याच्या पठारावर जाऊन आले. गाडी चालू झाली होती. पाव्हण्यांनी त्यांना साटीवर बसवून ओढ्यापलीकडे नेले. परत आल्यावर मी विचारले, "कसं वाटलं?" तात्या म्हणाले, "आपलं चाक कुठलं ते आवाजावरनं वळखलं." आमच्या अंगणातली गाडी आता मोडली, लाकूड चुलीत गेले, लोखंड विकले. सूनबाईंनी तिथे फुलझाडे लावली आहेत. तात्यांनी घुंगरमाळ मात्र घरात ठेवली नाही. ती त्यांनी शाळेला दिली, आणि आता शाळेची घंटा म्हणून रोज सकाळी तीच वाजते.

आज ती मी इथे बरोबर आणली आहे. जरा ऐका.

(घुंगरांचा आवाज)

ज्यांनी हा आवाज लहानपणी ऐकला आहे त्यांना मी काय सांगावे? आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, "आपल्याकडे गाडी होती का हो? तिच्या बैलांची नावं काय होती?" उत्तर मिळायला वेळ लागणार नाही. बैलांची नावे कुणी विसरत नाही.